मास्तरांची यादी

यादी छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तरांचा जुना मुष्टियोद्धा खांब पुन्हा पहाटे पळायला लागला. नऊ वर्षांनी. बातमी आत्याने आणली. दूध घेऊन येताना तो तिला वळणावर दिसला होता, घामाने निथळत. "रेल्वेचं इंजिन रूळ सोडून रस्त्याने निघाल्यासारखं वाटलं मला," ती म्हणाली. मास्तरांच्या लेकीला हसू आलं. वडील गेल्यावर महिनाभरात पहिल्यांदाच. त्यांच्यामागे त्यांचं काहीतरी चालू राहिलंय असं वाटून त्या दिवशी ती वाचनालयात बऱ्या मनाने काम करत राहिली.

मास्तर म्हणजे मुष्टियुद्धाच्या व्यायामशाळेतले मास्तर, पण त्यांनी कधी कुणाला ठोसा मारायला शिकवलं नाही. लढतीआधी खेळाडूच्या हातांना पट्ट्या बांधायच्या, आणि लढत चालू झाली की दोन राऊंडच्या मधल्या एका मिनिटात त्याची फुटलेली भुवई सांधून त्याला परत उभा करायचा, हे त्यांचं काम. बेचाळीस वर्षं केलं. माझ्या भावाचं आयुष्य मिनिटामिनिटाने गेलं, असं आत्या म्हणायची, आणि त्यात चूक काही नव्हती.

यादी त्यांच्या टेबलाच्या खणात सापडली होती. एकच कागद. वर लिहिलेलं, 'हेवीवेट. जगज्जेते न झालेले.' खाली एक ते बारा आकडे आणि बारा टोपणनावं. बस्स, पुढे एक अक्षर नाही. शोकसभेला काय बोलावं हे लेकीला सुचत नव्हतं, म्हणून तिने तो कागदच वाचून दाखवला. व्यायामशाळेतली सगळी जुनी मंडळी, सपाट नाकांची आणि जाड मानेची, खुर्च्यांवरून पुढे झुकून ऐकत होती. वाचून होताच वाद सुरू झाला. डावखुरा बाराव्या नंबरावर कसा? त्याचं जगज्जेतेपद फक्त एका गुणाने हुकलं होतं. बेकरीवाल्याचा हात लढतीच्या आठ दिवस आधी मोडला, तो नववा. वकिलाने तर जगज्जेत्याशी बरोबरी केली होती. बरोबरीत जगज्जेतेपदाचा पट्टा ज्याचा त्याच्याकडेच राहतो, म्हणून तो रिकाम्या कमरेने घरी आला, आणि तो पाचवा. उलट जुळ्यांतल्या धाकट्याला जगज्जेतेपदाची लढत कधी मिळालीसुद्धा नाही, आणि तो दुसरा. पहिला नंबर खांबाचा. त्याबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. जगज्जेतेपदाच्या लढतीत खांब अकराव्या राऊंडपर्यंत पुढे होता आणि बाराव्यात पडला. सगळ्या आयुष्यात तेवढा एकदाच. न पडण्यावरूनच तर त्याला खांब म्हणत.

सभेला एका साप्ताहिकाचा क्रीडासंपादक आला होता. त्याने यादी छापायला मागितली आणि वर दोन परिच्छेद लिहून द्या म्हणाला. लेकीचा जन्म पुस्तकांत गेलेला. तिने एका बैठकीत लिहून दिलं. क्रम असा का, हे तिलाही कळलं नव्हतं, पण तिने त्याचा अर्थ लावला. 'मास्तरांनी गुण मोजले नाहीत, माणूस मोजला. कोण किती जवळ गेला यापेक्षा, मार खात कोण किती काळ उभा राहिला, या हिशेबाने ही क्रमवारी आहे.' या वाक्यावर ती खूश होती. वाक्य बरोबरच होतं. त्यात आपण काय लिहिलंय ते मात्र तिला कळायचं होतं.

पुढच्या आठवड्यात खांब घरी आला. दारातून वाकून आत यायची त्याची सवय अजून तशीच होती. यादीचं कात्रण त्याने प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं होतं. ते त्याने टेबलावर ठेवलं.

"तुझ्या बापाने मला लढती सोड म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी नाही ऐकलं. तेव्हापासून माझ्याशी धड बोलले नाहीत. आणि पोटात हे होतं बघ त्यांच्या. पहिला नंबर."

मग त्याने सांगायचं ते सांगितलं. कात्रण वाचून एक मॅनेजर त्याला शोधत आला होता. सात आठवड्यांनी लढत ठरली होती, सव्वीस वर्षांच्या एका हेवीवेटशी, शहराच्या जुन्या सभागृहात, रविवारी दुपारी चार वाजता. जाहिरातीसुद्धा छापायला गेल्या होत्या. त्यांवर लिहिलं होतं, 'न झालेल्यांतला पहिला.' ही जिंकली तर पुढे एका छोट्या पट्ट्यासाठी लढत मिळेल, आणि तिथून पुढे काय, कुणी सांगावं. खांब अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. हे सगळं तो लग्न ठरलेल्या मुलासारखं लाजत सांगत होता.

"कोपऱ्यात तू यायचंस," तो म्हणाला. "मास्तरांच्या जागी."

ती हसली. लहानपणी आई नसल्यामुळे मास्तर तिला लढतींना बरोबर नेत. रिंगच्या कोपऱ्याखाली, पाण्याच्या बादलीशेजारी, ती चित्रं रंगवत बसायची. पोरगी बादलीशेजारी असली की आपण हरत नाही असं खांबाने मनात घेतलं होतं. प्रत्येक लढतीआधी तो मास्तरांना विचारायचा, पोरीला आणलंय का? मास्तर आणलंय म्हणाले की मग तो हात पुढे करायचा, पट्ट्या बांधायला.

"आता मी बादलीशेजारी मावणार नाही, काका."

"मग वर उभी राहा," तो म्हणाला, आणि स्वतःच मोठ्याने हसला. चहा झाल्यावर त्याने कात्रण पुन्हा पुढे सरकवलं, आणि कोपऱ्यात तू यायचंस म्हणून पुन्हा सांगितलं, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. जाताना तो दाराची कडी डावीकडे चाचपत राहिला. तीस वर्षं तो या घरात येत होता. कडी उजवीकडे होती.

"दार नाही रे बदललं आम्ही," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "तूच बदललास."

त्यावरही तो हसला. लेक मात्र तो गेल्यावर कडीकडे बघत उभी राहिली.

खांबाला पट्ट्यांची गुंडाळी द्यायची म्हणून तिने त्या संध्याकाळी मास्तरांची पेटी उघडली. कापूस, वॅसलीन, सूज दाबायचं गुळगुळीत लोखंड, कात्री. सगळं धुऊनपुसून ठेवलेलं. झाकणाच्या कप्प्यात एक कार्ड होतं. कोपऱ्यात उभं राहायचा परवाना, तिच्या नावाचा. ती सोळा वर्षांची असताना मास्तरांनी तो काढला होता, बादली उचलायला मदत म्हणून. एकविसाव्या वर्षी तिने ते सगळं सोडलं. कार्डाच्या मागे दर वर्षीचा शिक्का होता. या वर्षीचासुद्धा. चौदा वर्षं तिला न सांगता ते तिचा परवाना जिवंत ठेवत आले होते. कशासाठी, ते विचारायला आता माणूस नव्हता.

पेटीच्या तळाशी निळ्या पुठ्ठ्याच्या बारा वह्या होत्या. त्या तिने लगेच ओळखल्या. मास्तरांचा सह्यांचा नाद सगळ्या व्यायामशाळेला ठाऊक होता. लढत संपली, पट्ट्या कापून हात मोकळे केले, की पाच मिनिटांच्या आत ते खेळाडूपुढे वही धरायचे. सही कर. लहानपणी पेन सांभाळायचं काम तिचंच होतं. खेळाडू चेष्टा करायचे, मास्तर, चाहते आहात की काय आमचे? मास्तर हो म्हणायचे.

प्रत्येक वही एका माणसाची. तारीख, किती राऊंड, किती टाके, आणि खाली सही. ती जमिनीवर बसून पानं उलटत गेली. डावखुऱ्याची पहिली सही आणि शेवटची सही, मध्ये अकरा वर्षं, पण एकावर एक ठेवल्या तर जुळल्या असत्या. बेकरीवाल्याची शेवटी जराशी तिरकी झाली होती. वकिलाची सही सुरुवातीला झोकदार, पल्लेदार. शेवटच्या दोन वर्षांत ती ओळ सोडून खाली उतरायला लागली होती, आणि एका पानावर त्याने आडनाव अर्ध्यात सोडून दिलं होतं.

तिने बाराही वह्या शेवटच्या पानावर उघडल्या आणि यादीच्या क्रमाने फरशीवर मांडल्या. उजवीकडे बारावा, डावीकडे पहिला. उजवीकडून डावीकडे ती नजर फिरवत गेली. नळ कुणीतरी हळूहळू बंद करत आणावा तशा त्या सह्या होत्या. धार, बारीक धार, थेंब. दुसऱ्या नंबराच्या वहीत अक्षर उरलंच नव्हतं, नुसती रेघ होती. पहिल्या नंबराच्या वहीत रेघ तीनदा सुरू होऊन तीनदा थांबली होती.

आत्या दारात येऊन उभी राहिली. "काय मांडलंयस हे?"

"यादी," लेक म्हणाली.

ती स्वतःला फसवणारी बाई नव्हती, पण त्या रात्री तिने प्रयत्न केला. जुळ्यांतल्या धाकट्याची सही बिघडायला दुसरं काही कारण असेल. हाताचं दुखणं असेल. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या घरी गेली.

दार थोरल्याने उघडलं. तो टायरच्या दुकानाचा मालक, आयुष्यात कधी कुणाला ठोसा न मारलेला. आतल्या खोलीत खुर्चीवर धाकटा बसला होता, आणि थोरला त्याची दाढी करत होता. ती आली म्हणून अर्धवट राहिली होती. दोन्ही चेहरे एकच. तीच हनुवटी, तेच कान. फक्त एका चेहऱ्यात कुणी राहत होतं, आणि दुसरा घर सोडून गेल्यासारखा होता. थोरल्याने फेस लावता लावता सांगितलं, मला आरसा लागत नाही बघ. म्हातारपणी कसा दिसेन ते रोज सकाळी कळतं.

मास्तर दर महिन्याला यायचे, तो म्हणाला. बसायचे, वही काढायचे, सही घ्यायचे. शेवटी शेवटी सही येईना, तरी यायचे. एकदा थोरल्याने विचारलं होतं की आता कशाला. मास्तर म्हणाले, माझ्या हातून उभा राहिलाय तो. किती वेळा उभा केला ते मला मोजायचं आहे.

"यादी वाचली आम्ही," थोरला म्हणाला. "मी याला वाचून दाखवली. दुसरा नंबर आलाय म्हटलं. खूप छान लिहिलंय तुम्ही."

त्याने हे मनापासून म्हटलं. तिला तिथे बसवेना.

घरी येऊन तिने खांबाची वही सुरुवातीपासून वाचली. नुसती आकड्यांची वही, सोळा वर्षांपूर्वीच्या एका पानापर्यंत. ते जगज्जेतेपदाच्या लढतीचं पान होतं. तोवरच्या लढतींपैकी त्या एकाच लढतीला ती गेली नव्हती. कॉलेजची परीक्षा होती. आकडे संपल्यावर मास्तरांनी त्या पानावर चार ओळी लिहिल्या होत्या, आणि पेन इतकं दाबून की मागच्या पानावर उठल्या होत्या.

'अकरावा संपला. पोरीला आणलंय का, विचारलं. सांगितलं, नाही, परीक्षा आहे. पुन्हा विचारलं. पुढे होतो. पाठवला.'

खाली सही. पहिलं अक्षर धड, पुढे कागदाबाहेर गेलेली.

टॉवेल मास्तरांच्या खांद्यावरच असणार. तो रिंगमध्ये टाकला की पंच लढत थांबवतो. कोपऱ्यातल्या मुख्य माणसाचा तो हक्क. मास्तरांनी टाकला नाही, कारण आपला माणूस पुढे होता. तीन मिनिटं आणखी काढली की जगज्जेता. कुणीही पाठवलाच असता. पण ज्याने पाठवला त्याने नंतरही सोळा वर्षं सह्या गोळा केल्या, आणि त्यांना नंबर दिले. सर्वांत जास्त मोडलेल्या सहीला पहिला. तिने तो कागद लोकांसमोर वाचला होता, आणि वर सुंदर वाक्य लिहिलं होतं.

त्यानंतरचे पाच आठवडे तिने जे जे करता येईल ते केलं. साप्ताहिकाला दुरुस्ती लिहून पाठवली. संपादक म्हणाला, जरूर, लढत होऊन जाऊ द्या, आत्ता छापली तर अपशकुन केल्यासारखं दिसेल. खेळाडूंना तपासणाऱ्या डॉक्टरांकडे ती वह्या घेऊन गेली. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, बाई, माझीही सही पंचवीस वर्षांत अशीच झाली आहे. मी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, त्याला एका पायावर उभा केला, शंभरपासून उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं ठीक आहे. आकडे त्याने आठवडाभर घोकले होते, हे तिला खांबाच्या बायकोकडून नंतर कळलं. मॅनेजरने तर तिला बसायलाही सांगितलं नाही. गोड आवाजाचा, फिकट कोट घालणारा माणूस. "ताई, तुम्हीच त्याला पहिला केलात," तो म्हणाला. "आता तुम्हीच का मागे खेचता?"

राहिला खांब. त्याला ती शेवटी व्यायामशाळेत गाठायला गेली. दुपारची वेळ, आत कुणी नव्हतं. तो वाळूच्या पिशवीला ठोसे मारत होता आणि छतातली साखळी कुरकुरत होती. ठोसे अजून जड होते. पिशवी परत येताना मात्र तो बाजूला व्हायला विसरायचा, ती त्याच्या खांद्यावर आदळायची, आणि त्याच्या ते लक्षातही येत नसावं.

बाकावर बसून तिने त्याला वही दाखवली. पहिलं पान, मधलं, शेवटचं. सोळा वर्षांपूर्वीचंही. यादी म्हणजे काय आहे ते सांगितलं, आपण काय चूक केली तेही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मास्तरांच्या चार ओळी त्याने बोट ठेवून वाचल्या, शाळेतल्या मुलासारख्या, आणि वही मिटली.

"शर्टाची बटणं बायको लावते माझी," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. ते मला ठाऊक नाही असं वाटलं तुला?"

तिने मिटलेली वही मांडीवर घेतली.

"नऊ वर्षं मी गोदामावर राखणदार आहे. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत माझ्यावर. परवा बसमध्ये एक माणूस उठला, मला जागा दिली. म्हणाला, तुम्ही ते यादीतले पहिले ना?"

"ती यादी आजाऱ्यांची आहे, काका."

"असू दे. पहिला आहे ना मी?"

तो उठला, पिशवी दोन्ही हातांनी धरून थांबवली आणि तिच्याकडे पाठ करून म्हणाला, तू नाही आलीस तर मॅनेजर कुणालातरी धरून आणील. त्याला टॉवेल कशासाठी असतो तेही माहीत नसेल.

ते ऐकून ती हो म्हणाली.

पुढचे दोन आठवडे ती आत्याच्या हातांवर पट्ट्या बांधायचा सराव करत होती. मनगटाला तीन वेढे, तळव्यावरून तिरके, प्रत्येक बोटाच्या बेचकीतून एक, आणि शेवटी पेरांवर जाड घडी. आत्या हात पुढे करून बसायची आणि म्हणायची, आता सोडतेस का, मला फोडणी करायची आहे, कुणाला लोळवायचं नाहीये. तिसऱ्या दिवशी तिने चेष्टा थांबवली. "तुझा बाप अशीच जीभ दाताखाली धरायचा," एवढंच म्हणाली.

रविवारी सभागृह भरलं होतं. बाहेर जाहिराती वाऱ्याने फडफडत होत्या. आतल्या खोलीत पांढऱ्या नळीच्या उजेडात खांब टेबलावर पाय सोडून बसला होता आणि त्याच्या अंगाला मालिशच्या तेलाचा, बाबांच्या शर्टांना यायचा तोच वास येत होता. ती पट्ट्या बांधत असताना तो तिच्या हातांकडे बघत होता. पलीकडच्या कोपऱ्याचा माणूस आला, पट्ट्या दाबून बघितल्या, त्यांवर सही करून गेला. मॅनेजर आला आणि म्हणाला, ताई, तुम्ही पट्ट्या आणि कापूस बघा, टॉवेल माझ्याकडे द्या. तिने खिशातलं कार्ड त्याच्यासमोर धरलं. मुख्य माणूस म्हणून तिचंच नाव नोंदवलेलं होतं. ते खांबाने स्वतः जाऊन केलं होतं. टॉवेल तिने मानेभोवती घेऊन दोन्ही टोकांची गाठ मारली.

पहिला राऊंड चांगला गेला. लोक ओरडत होते, खांब, खांब. समोरचा तरुण सावध होता, या म्हाताऱ्यात काय शिल्लक आहे ते चाचपत होता. दुसऱ्यात त्याला कळलं. तिसऱ्यात खांबाने एक असा ठोसा मारला की तरुणाचे गुडघे क्षणभर सैल झाले आणि सभागृह उभं राहिलं. तीसुद्धा उभी राहिली. तेवढ्या एका क्षणात तिला वाटलं की आपण सगळंच चुकीचं वाचलं. वह्या, सह्या, सगळं. बाबांनाही त्या दिवशी असंच वाटलं असेल, हे तिच्या मनात येईपर्यंत तरुण सावरला होता.

चौथ्यात खांबाने डोक्यावर एकोणीस ठोसे खाल्ले. ती मोजत होती. पडला नाही. तो पडत नाही हीच त्याची कीर्ती होती, आणि प्रत्येक ठोशाबरोबर लोक त्याच गोष्टीला टाळ्या वाजवत होते.

घंटा झाली. तो चालत कोपऱ्यात आला, स्टुलावर बसला. डावी भुवई उघडली होती. तिने कापूस दाबून धरला, दुसऱ्या हाताने थंड लोखंड गालावर ठेवलं. एक मिनिट. मॅनेजर मागून सांगत होता, तो दमलाय, तो पोरगा दमलाय, गुणांवर आपणच पुढे आहोत. रक्त थांबत आलं. खांबाने डोळे उघडले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आदराने, जरा खालून, जसं तो एकाच माणसाकडे पाहायचा.

"मास्तर," तो म्हणाला. "पोरीला आणलंय का?"

तिच्या हातातला कापूस तसाच राहिला. सभागृहाचा आवाज कुठेतरी लांब गेला.

"आणलंय," ती म्हणाली.

त्याला बरं वाटलं. खांदे खाली आले. मान वाकवून त्याने रिंगच्या कडेवरून खाली, बादलीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. शिट्टी वाजली, दहा सेकंद उरल्याची ती खूण. मॅनेजरने स्टूल ओढायला हात घातला. खांब उठता उठता पुन्हा तिच्याकडे वळला, आणि त्याच आवाजात, त्याच काळजीने विचारलं,

"पोरीला आणलंय का, मास्तर?"

गाठ सुटेना. तिने टॉवेल डोक्यावरून ओढून काढला, केस त्यात अडकले, आणि तसाच रिंगमध्ये फेकला. तो पंचाच्या बुटाजवळ पडला. घंटा झाली तेव्हा पंच दोन्ही हात हलवत मध्ये उभा होता.

लोकांना समजायला थोडा वेळ लागला. मग खुर्च्या आपटल्या गेल्या, कागदाचे बोळे आले, एक पाण्याची बाटली आली. मॅनेजर तिच्या कानाशी काही बोलत होता, आणि त्याचा आवाज आता गोड नव्हता. पलीकडचा तरुण हात वर करावेत की नाही अशा संभ्रमात होता. खांब कोपऱ्यातच उभा राहून पांढऱ्या टॉवेलकडे बघत होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या दुपारी पहिल्यांदाच त्याने तिला ओळखलं.

"हे काय केलंस, पोरी?" तो म्हणाला. हळू आवाजात. "मी पडलो नव्हतो."

आतल्या खोलीत त्याची बायको दाराशी भिंतीला टेकून उभी होती. ती आत आली नाही आणि गेलीही नाही. लेकीने कात्रीने पट्ट्या कापल्या, आधी डावी, मग उजवी. त्याने हात दिले, पण नजर दिली नाही. बाहेर लोक अजून ओरडत होते. आता ते कुणाचं नाव घेत होते ते कळत नव्हतं.

हात मोकळे झाल्यावर तिने पेटीतून निळी वही काढली. तारीख घातली. राऊंड चार. टाके, अजून घालायचे. मग वही त्याच्या मांडीवर ठेवली आणि पेनचं टोपण काढून पेन पुढे धरलं, लहानपणी धरायची तसं.

त्याने ते घेतलं. बोटं सुजली होती. ती कागदाकडे पाहू शकली नाही. तिने नजर खोलीच्या दाराकडे, कडीकडे लावून ठेवली. पेन कागदावर टेकल्याचा आवाज आला. थांबल्याचा आला. पुन्हा टेकल्याचा आला.